ठेकेदाराला बोलवा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला की आमच्या घरात आता कोणी दचकत नाही. आई कूस बदलते, म्हणते, "रेती आली वाटते," आणि पुन्हा घोरायला लागते. खरंच रेतीच आलेली असते.

कन्हान नदीची रेती दिवसा का येत नाही, असं मी पहिल्या ट्रकच्या वेळी ड्रायव्हरला विचारलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्हाले रेती पाह्यजे का माहिती पाह्यजे?" मला रेती पाहिजे होती. तेव्हापासून हातात टॉर्च, खिशात टेप आणि पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला अशा थाटात मी नागपुरात मानेवाड्याच्या पलीकडच्या आमच्या ले-आउटमध्ये उभा राहून ट्रक मोजायला लागलो.

100 घनफूट म्हणजे एक ब्रास. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार. माझी सत्तावीस वर्षं हिशेब तपासण्यात गेलेली, तेव्हा हे काय अवघड? पण लांबी-रुंदी ट्रक सांगतो, उंची ड्रायव्हर सांगतो. तो सळई खुपसतो ती नेमकी ढिगाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, "कोपऱ्यात मोजू." तो म्हणाला, "कोपऱ्यात कोणी मोजते का साहेब? डोंगर काय पायथ्याशी मोजतेत?" या युक्तिवादावर मी रात्री अडीच वाजता सही केली. सहा ट्रक घेऊन झाल्यावर एका पुस्तकात वाचलं, की ओलसर रेती फुगते. पाण्याचा पातळ थर कणाकणाला एकमेकांपासून दूर धरतो आणि आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांनीही वाढतं. म्हणजे पाच ब्रासमधला एक ब्रास मी हवाच विकत घेत होतो. तीही कन्हानची.

हे सगळं सुरू झालं एका आकड्यामुळे. तीन ठेकेदारांकडून 'विथ मटेरियल' भाव आणले होते. आमच्याच कचेरीतल्या सवयीनं मी प्रत्येक अंदाजपत्रक सोलून काढलं आणि तिन्हींच्या तळाशी मला एकच गोष्ट दिसली: ठेकेदाराचा नफा, साधारण 15 टक्के. मी लाल शाईनं तिथे गोल काढला आणि समासात लिहिलं, 'कशाबद्दल?' विटा वीटभट्टीच्या, सिमेंट चंद्रपूरकडचं, गिट्टी पाचगावच्या खाणींची, हात मिस्त्रीचे, पैसा माझा. मग हा माणूस मधे करतो काय?

"काहो," बायको म्हणाली, "तुम्हाला सायकलचं पंक्चर काढता येत नाही."

"घर म्हणजे सायकल नव्हे."

"तेच तं म्हणून राहिली मी."

घर पाहावं बांधून, ही म्हण ज्यानं केली त्यानं घर ठेकेदाराला दिलं होतं, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. स्वतः बांधलं असतं तर म्हणी करण्याइतकं त्राण त्याच्यात राहिलं नसतं.

मंजुरी, नकाशा, शिक्के या विषयांवर मी काही लिहीत नाही. लेख विनोदी आहे.

24 ऑक्टोबर 2023, दसरा. भूमिपूजन झालं. त्याआधी महिनाभरच, 23 सप्टेंबरच्या पहाटे, नागपुरात असा पाऊस कोसळला होता की अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या दिवाणखान्यांतून वाहिली. आम्ही नदीपासून कोसो दूर, पण जोत्याची उंची हा आमच्या ले-आउटचा राष्ट्रीय प्रश्न झाला. आमच्या इंजिनियरनं दोन फूट दाखवलं होतं. सासरे म्हणाले, अडीच. समोरच्यांनी पावणेतीन केलं, म्हणून बायको म्हणाली, तीन. मग शतपावलीला निघालेल्या एका काकांनी खरी गोम सांगितली. "पाणी नदीतून येत नाही हो, रस्त्यातून येते. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता झाला की जुन्या रस्त्याच्या उरावर होतो. मग आपण खाली, रस्ता वर." मी म्हटलं, आपल्याकडे अजून रस्ताच नाही. ते म्हणाले, "म्हणून तं भीती आहे." तीन फूट ठरलं. या काकांना लक्षात ठेवा.

खड्डे खणताना कळलं, की काळ्या मातीवर घर उभं करणं म्हणजे लहरी माणसाच्या खांद्यावर बसणं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं घर तिच्या मर्जीनं वरखाली होतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. नकाशात मुरूम पाच फुटांवर होता. जमिनीनं नकाशा वाचलेला नव्हता. सहा झाले, साडेसहा झाले, साडेसातला मुरूम लागला, आणि तोवर माझ्या 15 टक्क्यांतले पहिले दोन टक्के त्या खड्ड्यांत गडप झाले. संध्याकाळी खड्ड्याच्या काठावर सल्लागार मंडळ भरायचं. एक म्हणे खड्डा कमी आहे, दुसरा म्हणे उगीच जास्त खणला. एकजण तर रोज नुसताच यायचा, वाकून आत पाहायचा, "हं" म्हणायचा आणि जायचा. मला त्या "हं"ची सर्वांत जास्त धास्ती वाटे.

आता मिस्त्री. मूळचे बालाघाटकडचे, हाताला सोन्याचं कसब, बोलणं कमी. त्यांच्या शब्दकोशात "हो जाता साहब" हे एकच उत्तर होतं. भिंत सरळ होईल का? हो जाता. शनिवारपर्यंत? हो जाता. ही भिंत चुकीच्या जागी आली आहे, पाडावी लागेल का? हो जाता. याचा अर्थ 'होईल' असा नाही, 'जगात काहीही होऊ शकतं' असा आहे, हे तत्त्वज्ञान माझ्या डोक्यात उतरायला एक हिवाळा गेला. तसेच त्यांचे "दो दिन". सोमवार ते बुधवार यांच्याशी त्यांचा काही संबंध नसे. ते एक प्रकारचं आशीर्वचन होतं.

शिवाय खर्रा. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर ते आवळायला लागण्याआधी निदान 30 मिनिटं तरी मिळाली पाहिजेत, असं मानक आहे; मी पाठच करून ठेवलं होतं. खर्रा घोटायला किती वेळ लागावा याचं मानक मात्र नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून चौघं एकाग्र चित्तानं घोटत बसलेले आणि बाजूला कालवलेला मसाला आपला मुकाट्यानं दगड होत चाललेला. मी घड्याळ दाखवलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहब, थोडा पानी और मार देंगे." दुसऱ्यांदा पाणी मारलेल्या सिमेंटात जीव उरत नाही, हेही मी वाचलं होतं. पण पुस्तक वाचणारा एक आणि खर्रा घोटणारे चार. लोकशाहीत हे असंच चालतं.

लोकशाहीवरून आठवलं. 19 एप्रिल 2024 रोजी नागपूरचं लोकसभेचं मतदान होतं आणि बालाघाटचंही. सगळी टोळी मतदानाला गावी निघाली. मी स्वतः बस स्टँडवर सोडायला गेलो, वर मतदान हे पवित्र कर्तव्य कसं आहे यावर दोन शब्द बोललो. मतदान एक दिवसाचं. टोळी परतली 2 मे रोजी. तेरा दिवस कोण कोणत्या यंत्राचं कोणतं बटण दाबत होतं, विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. त्याच सुमारास बायकोनं आमच्या घराला 'गोसीखुर्द' म्हणायला सुरुवात केली. त्या धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 1988 साली झालं, मूळ अंदाज 372 कोटींचा, आणि पुढे आकडा 18 हजार कोटींच्या वर गेला. मी म्हटलं, तुलना करायचीच तर मेट्रोशी कर. 2015 ला काम सुरू आणि 2019 ला गाडी धावली. ती म्हणाली, "मेट्रोला ठेकेदार होते."

स्लॅब अक्षय तृतीयेला, 10 मेला पडला. हा दिवस मी विसरणार नाही. विसरायचं म्हटलं तरी स्लॅबच्या एका कोपऱ्यात माझ्या चपलेचा ठसा आहे. सकाळी सहाला नारळ फुटला. मिक्सर मशीन, लिफ्ट, पंचवीस माणसं, 110 पोती सिमेंट. स्लॅबचा एकच नियम: सुरू केला की थांबायचं नाही. अर्धा आज, अर्धा उद्या केला तर मधे सांध्याची रेघ राहते आणि पुढे त्या रेघेतून पाऊस घरात नांदायला येतो. अकरा वाजता, बरोबर अर्ध्यावर, मिक्सर घरघरला आणि गप्प झाला.

"डिझेल खतम."

"ठेकेदार किधर है?" सेंट्रिंगवाला वरून ओरडला.

"ठेकेदार को बुलाओ!" लिफ्टवाला.

"अरे, ठेकेदाराला बोलवा कोणीतरी!" हे सासरे. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या काठी आपटली.

आणि त्या गदारोळात, डोक्यावर मे महिन्याचं ऊन घेऊन, माझ्याही तोंडून निघून गेलं, "काय माणूस आहे! ऐन वेळी कुठे जातो हा ठेकेदार?" क्षणभर सगळे गप्प झाले. पंचवीस माणसं माझ्याकडे पाहत होती. मिस्त्रींनी तोंडातला खर्रा बाजूला केला आणि अतिशय आदरानं म्हणाले, "साहब, आपही तो हो."

मी स्कूटरला प्लास्टिकचे दोन डबे अडकवून पंपाकडे सुटलो. वाटेत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाल शाईनं विचारलेल्या 'कशाबद्दल?'चं उत्तर मिळालं. तो 15 टक्के पैसा रेतीचा, लोखंडाचा, कष्टाचा नव्हताच. तो शिव्या खाण्याचा मेहनताना होता. घर बांधताना घरातल्या प्रत्येकाला रोज कोणालातरी नावं ठेवावी लागतात, त्याशिवाय जेवण पचत नाही. लोकांनी त्यासाठी एक माणूस भाड्यानं ठेवलेला असतो. मी ते काम फुकटात आणि घरच्या घरी घेतलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे विचित्र संवाद सुरू झाले. बायको माझ्यासमोर बसून मलाच सांगायची, "तुमच्या त्या ठेकेदाराला अक्कल नाही." मी म्हणायचो, "बोलतो मी त्याच्याशी." आणि रात्री खरंच बोलायचो, आरशासमोर. तोही कधी ऐकत नसे.

संध्याकाळी स्लॅबचं जेवण. रिवाज आहे. मी वरण-भात, जिलेबी ठरवली होती. टोळीनं "सावजी" एवढाच शब्द उच्चारला. खर्चाच्या वहीत मी ते 'स्लॅब मजबुतीकरण' या नावाखाली टाकलं आहे.

मग तराई. सिमेंट वाळून घट्ट होतं असं मला लहानपणापासून वाटायचं. ते वाळत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याला आमच्यापेक्षा जास्त तहान लागते. स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून वाफे केले आणि त्यांत पाणी भरून ठेवलं. पाणी घालायला ठेवलेला पोरगा तिसऱ्या दिवशी लग्नाच्या वरातीत वाजवायला गेला तो गेलाच. मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईनं पाइप हातात घेतला. पहाटे पाच, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. तुळशीला घालावं तशा निष्ठेनं. चौदाव्या दिवशी म्हणाली, "एवढ्या पाण्यात अंबाडी तरी झाली असती रे." तिला थांबवलं नसतं तर तिनं कोथिंबीर पेरलीच होती. 30 मेला एका स्वयंचलित यंत्रानं नागपुरात 56 अंश तापमान दाखवलं. पुढे हवामान खात्यानं यंत्रातच बिघाड असल्याचं सांगितलं. पण ती पुढची बातमी आमच्या टोळीनं वाचली नाही. छप्पन्न अंशांत काम करणं माणुसकीला धरून नाही, असं म्हणून ते "दो दिन" गेले.

पाऊस आला आणि आतली कामं निघाली. इथे एक नवीन जमात घरात शिरते. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाइल्सवाला, पेंटर. यांतला प्रत्येकजण दारातून आत येतो, कमरेवर हात ठेवून छताकडे पाहतो आणि म्हणतो, "हे कोणी केलं?" हे त्यांचं मंगलाचरण. प्लंबरनं भिंतीत झिरी मारली, इलेक्ट्रिशियननं नेमकी तिथेच आपला पाइप टाकलेला होता. इलेक्ट्रिशियननं सूड म्हणून दुसरी झिरी मारली, ती पाण्याच्या पाइपवर. दोघं माझ्याकडे न्यायाला आले. मी दोघांनाही पैसे दिले. न्याय म्हणजे हाच, असं दोघांनीही मान्य केलं. फ्रिजचा पॉइंट आता फ्रिजच्या जागेपासून अकरा फुटांवर आहे आणि देवघरात मात्र तीन प्लग आहेत. देव सध्या मोबाईल चार्ज करतो.

दारांसाठी सागवानच घ्यायचं, ही आईची अट. आलापल्लीचं सागवान, वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. मी ऐटीत वखारीत गेलो. वखारवाल्यानं आधी मला बाकावर बसवलं. म्हणाला, "नव्या संसद भवनाला सागवान नागपुरातून गेलं, माहीत आहे ना? अयोध्येच्या दारांचं सागवान बल्लारपूरहून गेलं, तेही माहीत आहे ना?" मी अभिमानानं मान हलवली. "मग उरलं त्याचा भाव ऐका." ऐकला. पुढच्या दाराची चौकट सागवानाची झाली. बाथरूमचं दार फायबरचं आहे आणि त्यावर सागवानाचं चित्र छापलेलं आहे.

जिन्याबद्दल मला बोलायचं नव्हतं, पण लपवून लपत नाही. जिना हे संपूर्ण घरातलं एकमेव काम जे मी स्वतः, कोणालाही न विचारता, गणितानं केलं. खालच्या जमिनीपासून वरच्या खोलीपर्यंत 126 इंच. भागिले 7. बरोबर 18 पायऱ्या, बाकी शून्य. इतकं सुंदर गणित मला नोकरीत कधी भेटलं नव्हतं. मिस्त्री एकदा म्हणाले होते, "साहब, ऊपर का फर्शी का हिसाब पकडा क्या?" मी त्यांच्याकडे सत्तावीस वर्षांच्या नजरेनं पाहिलं. ते म्हणाले, "हो जाता." वरच्या खोलीत फरशी आणि तिच्या खालचा मसाला पायऱ्यांवरच्या फरशीपेक्षा दोन इंचांनी जास्त बसला. सतरा पायऱ्या सात इंचांच्या, अठरावी नऊ इंचांची. दोन इंच म्हणजे काय, असं वाटेल. पण पायाला सात इंचांची सवय सतरा वेळा लावून अठराव्यांदा दगा दिला, की माणूस वरच्या खोलीत चालत जात नाही, साष्टांग नमस्कार घालत जातो. प्लंबर, पेंटर, सासरे, सिलिंडरवाला, सगळे असेच आत गेले. देवघर वरच्या खोलीत हलवावं असं आईनं सुचवलं आहे. नमस्कार आपोआप होतो.

2 सप्टेंबरला पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी मारबत. दरवर्षीप्रमाणे आम्ही इतवारीत गर्दीत उभे होतो. काळी मारबत 1881 पासून निघते आहे, तिच्यामागून पिवळी, आणि मग बडगे. वर्षभरात लोकांना ज्यानं ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा, याहून सभ्य तक्रार निवारण केंद्र मी पाहिलेलं नाही. लोक महागाईला, रोगराईला, खड्ड्यांना घेऊन जा म्हणत होते. मीही बेंबीच्या देठापासून ओरडलो, "रेतीवाल्याला घेऊन जा गे मारबत! प्लंबरला घेऊन जा गे मारबत!" शेजारचा एक अनोळखी गृहस्थ लगेच सामील झाला. त्याचंही बांधकाम चालू असावं.

"ठेकेदाराचा बडग्या काहून नाही केला कोणी?" बायको म्हणाली.

"पुढच्या वर्षी आपण करू."

"चेहरा कोणाचा लावायचा?"

मी बोललो नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, शिंपी मापं घेताना पाहतो तशी.

हिशेब सांगायलाच हवा, नाहीतर नोकरीला बट्टा. ठेकेदाराचे 15 टक्के वाचले, यात वाद नाही. त्याऐवजी 22 टक्के जास्त लागले. ही रक्कम मी 'अनुभव' या शीर्षाखाली दाखवली आहे. तपासायला आलेल्या मेव्हण्यानं ती अमान्य केली. गेल्या महिन्यात त्याच मेव्हण्यानं बेसा रोडला प्लॉट घेतला आणि मला विचारलं, "भाऊजी, ठेकेदार कशाला? तुम्ही आहातच ना?" मी त्याला तीन ठेकेदारांचे नंबर दिले. तिघांनाही आधी फोन करून सांगितलं, की नफा 15 टक्के लावू नका, कमी आहे.

वास्तुशांत येत्या रविवारी आहे. छापील पत्रिका काढलेली नाही, हेच निमंत्रण समजावं. मधल्या काळात आमच्या ले-आउटमध्ये सिमेंटचा रस्ता झाला आहे. तो दीड फूट वर आला. शतपावलीवाले काका रोज येऊन तो मला दाखवतात. त्यामुळे फाटकातून आधी अंगणात उतरावं लागेल आणि मग अंगणातून घरात चढावं लागेल. जेवणाची पंगत वरच्या खोलीत मांडली आहे. काही कमीजास्त दिसलं तर खुशाल नावं ठेवा, ठेकेदार दिवसभर तिथेच असेल. फक्त जिना चढताना मोजत या, आणि सतरा झाले की पाय जरा उंच उचला.